लिरियानचं एक मत

कोहिमा, ४ मार्च

प्रिय ताई,

जिंकलो! तुझा झानबे तिसऱ्यांदा आमदार झाला. रेडिओवर ऐकलंच असशील. लोकांनी अंगावर इतक्या शाली घातल्यात की दुकान टाकता येईल. आयोला सांग, त्यातली लाल काठाची तिच्या लेकाने तिच्यासाठी बाजूला ठेवली आहे.

आता खरं सांगतो. गेले तीन दिवस मला अन्न गोड लागत नाहीये.

पूर्वी मतपत्रिका असायच्या. सगळ्या गावांच्या पेट्या एकत्र ओतायचे, कुठल्या गावाने काय केलं ते कळायचं नाही. या वेळी यंत्रं आली, आणि यंत्र चहाडखोर आहे. प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा लागतो. आपल्या लिरियानचा आकडा ऐक. एकूण मतं सातशे बेचाळीस. मला सातशे एक्केचाळीस. नदीपलीकडच्या उमेदवाराला एक.

एक, ताई! नाताळात घराघरातल्या कर्त्या पुरुषांनी एझामो आजोबांसमोर हात वर करून शब्द दिला होता ना, की गावाची सगळी मतं गावच्या पोराला? मग हा कोण निघाला घरभेदी? इथे बाकीचे आमदार मला बघून एक बोट वर करतात आणि हसतात. ईस्टरनंतर मंत्र्यांची यादी ठरायची आहे. आमचे पुढारी मला तोंडावर म्हणाले, "झानबेमो, ज्याला स्वतःचं गाव सांभाळता येत नाही, त्याच्या हाती खातं कसं द्यायचं?"

मी एझामो आजोबांना पत्र टाकलंय. गावबुढे, गावचे प्रमुख तेच, शोध त्यांनीच घ्यायला हवा. पण तूही डोळे उघडे ठेव. गावातली अर्धी माणसं तुझ्या हाताखाली बाराखडी शिकली आहेत. कोणाच्या पोटात काय आहे ते तुला नाही कळणार तर कोणाला?

पत्र सुमोवाल्या बेन्थुंगकडे देतोय. उत्तर त्याच्याचकडे दे, टपालाचा भरवसा नाही.

तुझा,
झानबे

•

लिरियान, ९ मार्च

चि. झानबे,

अभिनंदन. आयो दिवसभर रेडिओ मांडीवर घेऊन बसली होती. तुझं नाव आलं तेव्हा नेमका सेल संपला, मग तिने रेडिओलाच दोन चापट्या मारल्या.

सातशे एक्केचाळीस माणसांनी तुला मत दिलं, त्यांची तुला आठवणही नाही, आणि एकापायी तुझ्या घशाखाली घास उतरत नाही! लहानपणीही असाच होतास. टोपलीभर संत्री तुझ्या पुढ्यात, आणि डोळा माझ्या हातातल्या फोडीवर.

आजोबांना पत्र लिहायच्या आधी मला विचारायचंस तरी. आता गावात काय चाललंय ते ऐक. तुझं पत्र त्यांनी बैठकीत मोठ्याने वाचून घेतलं. तेव्हापासून कोणी कोणाकडे सरळ बघत नाही. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना लोक दोन-दोन हात अंतर ठेवून चालत होते. पाणवठ्यावर मी गेले की बायका गप्प होतात, दुसरी कोणी आली तरी गप्प होतात.

आणि संशय कोणावर घेतला असेल? ओरेनथुंगवर. का, तर तो घरजावई, आणि त्याचं मूळ गाव नदीपलीकडे. एवढ्यावर झालं. त्याची बायको सातव्या महिन्यात आहे रे.

तुला मतदानाच्या दिवसाचं नीट माहीत नाही. तू सकाळीच मत देऊन गाड्या घेऊन पुढच्या गावांना निघालास. नंतर चुमोकाका नेहमीसारखे आपल्या सगळ्या भाऊबंदांची यादी घेऊन दाराशी उभे राहिले. दर वेळी आयोचा आणि माझा शिक्का तेच मारायचे, मतदानाच्या दिवशीही शाळा भरायची आणि मी तिथे पोरांना खिचडी वाढत असायचे. पण या वेळचा अधिकारी बाहेरचा होता. गळ्यात मफलर, नाक सर्दीने लाल. तो म्हणाला, "ज्याचं मत त्यानेच द्यायचं. नाहीतर केंद्र बंद करतो." मग काय, सगळ्या बायाबापड्या रांगेत. आयो यंत्राला नमस्कार करून आली.

एवढ्या गोंधळात कोणाचं बोट कुठे पडलं असेल, देव जाणे. सोडून दे ना तो विषय. मंत्री व्हायचं असेल तर होशील.

बांबूचे वाळवलेले कोंब पाठवतेय. डुकराच्या मटणात घाल, नुसते ठेवून कुबट करू नकोस.

ताई

•

कोहिमा, १५ मार्च

प्रिय ताई,

कोंब मिळाले. पण तुझ्या पत्राने डोक्याला ताप झाला.

सोडून कसं देऊ? तू शाळेत असतेस, तुला या लोकांची जात माहीत नाही. इथे माणसाची किंमत त्याच्यामागे किती गाव उभं आहे त्यावर ठरते. एक भोक दिसलं की सगळे त्यात बोट घालून बघतात.

ओरेनथुंगचं म्हणशील तर मला नवल वाटलं नाही. सासऱ्याच्या घरात राहून मूळ गावाशी इमान राखलं असेल. आजोबांचा निरोप आलाय, की १२ एप्रिलला बैठक आहे आणि ज्याच्यावर संशय आहे त्याला मातीची शपथ घालायची, गावची माती खाऊन खरं सांगायला लावायचं. मी शपथ घाला म्हटलं नव्हतं, तुझी शपथ. मी फक्त लिहिलं होतं की काय तो सोक्षमोक्ष लावा.

मला ठाऊक आहे तू काय म्हणशील. पण पन्नास वर्षांत कोणी माती खाल्ली नाही, आताही वेळ येणार नाही. माती हातावर घेतली की खोटारड्याची पाचावर धारण बसते आणि तो कबूल होतो. मग फार तर सात वर्षं गावाबाहेर. मेला तर नाही ना कोणी?

तू इतकी का चिडलीस ते कळलं नाही.

झानबे

•

लिरियान, २२ मार्च

झानबे,

हे पत्र एकटा असशील तेव्हा वाच आणि वाचून जाळ.

ते मत माझं आहे.

दोन वेळा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा शाळेच्या गोष्टी लिहून कागद फाडला. म्हणून आता आधी तेवढंच लिहिलं.

ओरेनथुंगच्या धान्याच्या कोठीला पंचांनी कुलूप घातलंय. त्याची बायको पाण्याला येते तेव्हा बाकीच्या बायका हंडे उचलून चालू लागतात. काल ती एवढं पोट घेऊन चढ चढत होती आणि मी शाळेच्या खिडकीतून नुसती बघत राहिले. माझे पाय उचललेच नाहीत. मुलं दोनाचा पाढा म्हणत होती, आणि मला वाटत होतं की ही सगळी मला बघून म्हणतायत.

माझ्या जिवाचं पाणी पाणी झालंय. बारा तारखेला मी बैठकीत उभी राहून सांगणार आहे. तुला आधी कळावं म्हणून लिहिलं.

आयोला काही माहीत नाही.

ताई

•

कोहिमा, २७ मार्च

ताई,

तुझं पत्र जाळलं. राखही परत जाळली. हेही जाळ.

तू अजिबात उभी राहायचं नाहीस. ऐकतेस का? अजिबात नाही! तुझी नोकरी गावच्या शाळेत, घर गावात, आयो गावात. सात वर्षं गावाबाहेर म्हणजे काय कळतंय का तुला? आयो अठ्ठ्याहत्तरची आहे. ती गेली तर खांदा द्यायलाही तुला वेशीच्या आत येऊ देणार नाहीत. आणि माझं काय? सख्ख्या बहिणीने पाडायला बघितलं म्हणून कोहिमाभर बोभाटा होईल.

अकरा तारखेला तुला ताप येऊ दे. अंथरुणातून उठू नकोस. ओरेनथुंगला जाऊ दे त्याच्या गावाला, मी त्याला रस्त्याच्या खात्यात चिकटवून देतो. लिरियानमध्ये आठ महिने शेत कसण्यापेक्षा बरंच होईल की त्याचं. बायको बाळंत झाली की तिलाही नेईल. सगळ्यांचंच भलं.

मी बारा तारखेला येतोय. मी आलो की बघतो काय ते.

आणि का, ताई? का? नको, पत्रात लिहू नकोस. बेन्थुंग पत्रं फोडून वाचतो असं ऐकलंय.

झानबे

•

लिरियान, १४ एप्रिल

झानबे,

तू बैठकीनंतर जेवायलाही थांबला नाहीस. गाडीत बसलास आणि गेलास. म्हणून जे तुझ्या तोंडावर बोलायचं होतं ते लिहितेय. बेन्थुंगला वाचायचं असेल तर खुशाल वाचू दे.

मला ताप आला नव्हता. मी बायकांच्या रांगेत मागे उभी होते. पहाटेपासून वाक्य पाठ करत होते, शाळेत पोरं कविता पाठ करतात तशी. पाळक मध्ये पडले, म्हणाले ख्रिस्ती माणसाने माती खाऊ नये. त्यावर एझामो आजोबा म्हणाले, "प्रभूला मान आहेच, पाळक. पण ह्या मातीची आमची ओळख त्याच्या आधीची आहे." आणि त्यांनी केळीच्या पानावर मूठभर माती ठेवली. खोटं बोलून ही माती खाल्ली तर तो माणूस नवा भात बघत नाही, कापणीआधीच मरतो. हे त्यांना सांगावंही लागलं नाही.

ओरेनथुंगला पुढे बोलावलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. तो म्हणाला, "मी खातो." तर चुमोकाका ओरडले, "बाहेरच्या माणसाला इथली माती काय करणार? त्याची शपथ धरायची नाही." म्हणजे खाल्ली तरी मेला, नाही खाल्ली तरी मेला.

मी एक पाऊल पुढे टाकलं. बायका बाजूला सरकल्या. तोंड उघडलं. आणि तेवढ्यात तू बोललास.

"सोडा त्याला. ते मत माझं होतं. नवा चष्मा, नवं यंत्र. स्वतःच्याच विरुद्ध बटण दाबून बसलो आणि लाजेने गप्प राहिलो."

काय हसले लोक! चुमोकाका तर गुडघ्यावर हात आपटत होते. ओरेनथुंग मटकन खाली बसला. मलाही वाटलं, सुटलो. पण आजोबा हसले नाहीत. त्यांनी पान तुझ्यापुढे धरलं. "असं असेल तर खा."

आणि तू खाल्लीस. माझ्याकडे बघत खाल्लीस, गाढवा.

तू कोहिमाचा माणूस झालास, तुला वाटत असेल माती म्हणजे माती. आयो दोन दिवस जेवलेली नाही. तिला मी सगळं सांगितलं, सांगावंच लागलं. ती एकच म्हणाली, "मला मुलं दोनच."

ओरेनथुंगच्या कोठीचं कुलूप काढलंय. तेवढं तरी चांगलं झालं.

ताई

•

कोहिमा, २१ एप्रिल

प्रिय ताई,

थांबलो नाही कारण थांबलो असतो तर रडलो असतो, आणि आमदाराने गावात रडू नये.

यादी लागली. माझं नाव नाही. पुढारी म्हणाले, "ज्याला स्वतःचं बटण सापडत नाही त्याला फाइल काय सापडणार?" सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. खरं सांगू? दीड महिना ज्यासाठी जिवाचं रान केलं ते हातचं गेलं, आणि मी त्या दिवशी पोटभर जेवलो. तुझ्या कोंबांतले उरलेले घातले मटणात.

आयोला म्हणावं, जेव. मातीबितीने काही होत नसतं. मी ठणठणीत आहे. फक्त ड्रायव्हरला गाडी सावकाश चालव म्हणून सांगितलंय. आणि विजेचा दिवा चप्पल घालून लावतो. हे आयोला सांगू नकोस.

मी का बोललो ते मलाही ठाऊक नाही. येताना गाडीत ठरवलं होतं की ओरेनथुंगला जाऊ द्यायचं. मग तू ते एक पाऊल टाकलेलं दिसलं. लहानपणी डोहात उडी मारायच्या आधी असंच टाकायचीस, आणि पोहता तर येत नव्हतं.

झानबे

•

लिरियान, २ जून

झानबे,

बेन्थुंगने सांगितलं, तुला आठ दिवस ताप आहे आणि दवाखान्यात ठेवलंय. तू कळवलं नाहीस. आयोला समजलं तेव्हा तिने मागावरचं अर्धं विणलेलं कापड कापून खाली टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. शेतात भात वीतभर वर आलंय. मी रोज येता-जाता ते बघते आणि मला त्याचा राग येतो.

काल मी एझामो आजोबांकडे गेले. ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. म्हटलं, "आजोबा, माझा भाऊ खोटं बोलला. ते मत माझं. शपथ मागे घ्या, काय शिक्षा द्यायची ती मला द्या."

त्यांनी सुपारी तोंडात टाकली. चघळून झाल्यावर म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. तू पुढे आलेलं मी पाहिलं."

"मग माती का दिलीत त्याच्या हातात?"

"कारण तो खोटं बोलला नाही. पोरी, मत असतं घराचं, आणि घर असतं पुरुषाचं. तुझा बाप गेला, घरात पुरुष झानबेमो. त्याच्या घरातून एक मत वाकडं गेलं, तर ते त्याचंच वाकडं गेलं. बोट कोणाचं का असेना. मातीला हे कळतं. त्याचा ताप डासाचा आहे, जा, आईला जेवायला घाल."

मी घरी येऊन आयोला सांगितलं. ती उठली, चूल पेटवली, दोन वेळचं एकदम जेवली. म्हणाली, "बघ, एझामोला सगळं कळतं." इतक्या दिवसांनी आमच्या घरात हसू आलं.

आणि झानबे, माझ्या घशाखाली घास उतरेना.

तू विचारलं होतंस का म्हणून. ऐक. मी त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले. अठ्ठेचाळीस वर्षांची मी, शाळेत मुलांना नागरिकशास्त्र शिकवते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मत द्यायला उभी. आत कोणी नव्हतं. चुमोकाका नाहीत, आजोबा नाहीत, तूही नाहीस. मला तुझा राग नव्हता. समोरच्याचं नावही मी वाचलं नाही. मनात आलं, मी झानबेचं बटण दाबलं तर चुमोकाकांनी दाबलं काय आणि मी दाबलं काय, कळणार कसं? हे बोट माझं आहे का, एवढंच मला बघायचं होतं. दुसरं बटण दाबलं. यंत्र केवढ्याने ओरडलं. मी बाहेर आले तेव्हा मला इतका आनंद झाला होता की शाळेत जाऊन मी मुलांना सुट्टी दिली.

ते एक मत होतं माझ्याजवळ. तू मला वाचवायला ते आपल्या नावावर घेतलंस. तुझं काळीज मला कळतं, जन्मभर विसरणार नाही. पण आता आजोबा म्हणतात ते कधी माझं नव्हतंच.

आजोबांचं म्हणणं मानलं तर तू मातीतून सुटतोस. नाही मानलं तर तू खोटी शपथ घेतलेला माणूस, अंगात ताप असलेला. हे मला कळत नाही असं समजू नकोस. पंधरा वेळा हे वाक्य खोडलं. तरी लिहिते.

माझं मत मला परत दे.

ताई

•

दवाखाना, ९ जून

प्रिय ताई,

अक्षर वाकडं आहे, हाताला सुई लावली आहे. हिवताप निघाला. डॉक्टर म्हणतात डास दिमापूरचा असावा. तरी खरं सांगतो, ताप चढला की तोंडात मातीची चव येते.

तुझं पत्र वाचून आधी संतापलो. मंत्रिपद गेलं, अंगात हा ताप, आणि बाईसाहेबांना मत परत हवंय! पत्र उशीखाली कोंबलं. मग पडल्या पडल्या हिशेब केला. तीन निवडणुका. दर वेळी भाषणात मी म्हणायचो की माझ्या बहिणीचं मत सगळ्यात आधी माझ्या पेटीत पडतं. टाळ्या पडायच्या. तीन निवडणुकांत तुझं खरं मत मी एकदाच पाहिलं, आणि ते मला पडलं नव्हतं.

आजोबांचं म्हणणं सोयीचं आहे. मी पंचवीस वेळा मनातल्या मनात ते मान्य करून बघितलं. मग ओरेनथुंग आठवला. त्याची शपथ धरायची नाही म्हणाले होते ना, तसंच तुझं मतही धरायचं नाही?

शनिवारी येतोय. डॉक्टर नको म्हणतात. आजोबांना निरोप गेलाय, बैठक बोलवा म्हणून. मी पंचांसमोर सांगणार आहे, की मी खोटं बोललो आणि खोटं बोलून माती खाल्ली. मला काय करायचं ते करा. गावाबाहेर काढलंच तर म्हणून वोखा शहरात दोन खोल्या बघायला सांगितल्या आहेत, तिघांपुरत्या. आयोचा माग बसेल इतकी एक खोली मोठी आहे. पुढच्या वेळी उमेदवारी मिळेलसं वाटत नाही, आणि गावाची मतं तर नाहीतच.

तुझी बाजू मी मांडणार नाही. तीही माझ्या तोंडून गेली तर पुन्हा माझीच होईल. मत कोणाचं म्हणून विचारतील, तेव्हा मी एवढंच म्हणेन, "ताईला विचारा." ते मला विचारत राहतील, मी तेच म्हणत राहीन. बघू किती वेळ विचारतात.

मला भीती वाटतेय, ताई. शपथेची वाटते, पंचांची वाटते, आयो मध्येच उठून काही बोलेल त्याची तर जास्तच वाटते. तुलाही वाटत असेल.

तरी पुढच्या रांगेत उभी राहा. आणि या वेळी एक पाऊल उशीर करू नकोस.

तुझा,
झानबे